तांडेलाचा आवाज

खारणे गावच्या खाडीकाठी मोबाइलचा एक जुना टॉवर उभा होता. फोन थेट उपग्रहांशी बोलायला लागले, तशी कंपनी तो टॉवर तिथेच गंजत टाकून निघून गेली. गावाने दोनदा अर्ज केले, मोजमापं झाली, पण पाडायचा मुहूर्त काही निघाला नाही. आणि एके दिवशी त्याच्या शेंड्यावर मोरघारींच्या जोडप्याने काटक्या रचायला सुरुवात केली. सरकारी आळशीपणाचं कधी कधी असं सोनं होतं.

मोरघार म्हणजे मासे मारून खाणारी मोठी घार. पोट पांढरं, डोळ्यावरून काळा पट्टा. थंडीत उत्तरेकडून कोकणात यायची, खाडीवर चार महिने पोट भरायची आणि ऊन तापलं की परत जायची. घर तिकडे, पोटपाणी इकडे. म्हणजे खारणं ही तिची मुंबईच म्हणायची. पण तिकडचे ऋतू बिघडले की इकडची खाडी बरी वाटली, देव जाणे, हे जोडपं गेलंच नाही. पावसाळा इथेच काढला आणि पुढच्या थंडीत टॉवरवर संसार थाटला. कोकणात मोरघारीने घरटं केल्याची नोंद कुठेच नव्हती. पुण्याच्या संस्थेतले टेंबे सर धावत आले. गावाने तोवर बारसंही उरकून टाकलं होतं. नर तो तांडेल, म्हणजे होडीचं सुकाणू धरणारा. आणि मादी अर्थातच तांडेलीण.

संस्थेने टॉवरवर कॅमेरा बसवला, माईक आणि कर्णा बसवला, खालून सामान वर चढवायला दोरीची छोटी लिफ्ट लावली आणि एक यंत्र आणलं. त्याचं नाव दुभाष्या. ते यंत्र सांभाळायला गावातलीच कोणी शिकलेली बाई हवी होती, म्हणून रसिका कुबलला नोकरी मिळाली. माहेर चिपळूणचं, नवरा सिद्धेश मालवाहू बोटीवर इंजिनात, घरी सासू सुगंधाबाई. टॉवरसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून दिवसभर पक्ष्यांकडे बघायचं, हे काम ऐकून सुगंधाबाई म्हणाल्या होत्या, "ह्याचे पैशे देतत? मग माका काय धाड भरली होती? मी तर जन्मभर शेजाऱ्यांकडे फुकटच बघतंय."

दुभाष्याचं शास्त्र तसं सोपं होतं. त्याने दोन हिवाळे या पक्ष्यांचा प्रत्येक आवाज ऐकला, आणि त्या आवाजानंतर काय घडलं तेही पाहिलं. अमुक शीळ घातली की दर वेळी नर मासा आणायला उडतो, तमुक किंकाळी आली की आकाशात समुद्री गरुड असतो. अशा हजारो जोड्या जुळवून त्याने एक शब्दकोश तयार केला. शिवाय माणसाच्या अंगठ्याचा ठसा वेगळा असतो तसा प्रत्येक पक्ष्याचा आवाज वेगळा, तेही त्याला ओळखता यायचं. आणि जे ऐकता येतं ते बोलताही येतं. पडद्यावर एक शब्द निवडला, पक्षी निवडला, की कर्ण्यातून हुबेहूब त्या पक्ष्याच्या गळ्यातला तो शब्द बाहेर पडे. ही सोय वापरायची वेळ येईल असं मात्र कोणाला वाटलं नव्हतं.

पक्षी काय बोलतात ते कळणार म्हणून, शब्दकोश तयार झाला त्या दिवशी शेडपुढे जत्रा लोटली होती. पडद्यावर शब्द उमटू लागले. 'आण.' 'मासा.' 'इथे आहे.' 'आण.' 'हाकल त्याला.' 'आण.' तासभर वाट पाहून लोक हिरमुसले.

"येवढाच?" कोणीतरी विचारलं.

"मग काय म्हाभारत होया तुका?" सुगंधाबाई म्हणाल्या. "माझो नि ह्यांचो संसार येवढ्याच शब्दांत झालो. कायएक अडला नाय."

रसिकाला हसू आलं, आणि हसता हसता आपल्या घरातलं आठवलं. सिद्धेश मुळातच मितभाषी. बोटीवरून फोन आला की, "सगळं ठीक? आई बरी? आज कोणतं म्हावरं?" एवढंच. कालवण बांगड्याचं की तारल्यांचं हे कळलं की त्याचं समाधान व्हायचं आणि फोन बंद. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यातली निम्मी अशीच कालवणावर निघाली होती.

पण दिवाळीपासून काय झालं कोण जाणे, माणूस बदलला. रोज संध्याकाळी फोन. "रसू, दिवसभर उन्हात बसतेस, डोकं दुखत नाही ना?" रसू! हे नाव त्याने लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात दोनदा वापरलं होतं, नंतर विसरून गेला होता. आता तो ऐकून घेई, मधेच विचारी, काल सांगितलेलं आज आठवून बोले. अंड्यांतून पिल्लं बाहेर आली त्या दिवशी तर ती अर्धा तास बोलत होती, आणि तो एकदाही "बरं, ठेवतो" म्हणाला नाही. रसिका मोहरून गेली. आरशापुढे चार मिनिटं जास्त उभी राहायला लागली. सुगंधाबाई बघत होत्या, पण त्या सासू असल्या तरी शहाण्या होत्या, गप्प बसल्या.

एका संध्याकाळी रसिकाने मनातलं सांगून टाकलं. नऊ वर्षं जे जिभेवर आलं नव्हतं ते आलं. "मला एकटीला भीती वाटते, सिद्धेश. आता पुरे कर ना. ये घरी."

पलीकडून तो म्हणाला, "शिमग्याला येतो, रसू. आणि मग परत जात नाही. खाडीत आपली होडी टाकू."

रसिका फोन ठेवून तडक सासूकडे गेली. सासू तडक वाडीत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सिद्धेश कुबल शिमग्याला येणार आणि कायमचा येणार, हे देवळातल्या गुरवापासून मच्छीवाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक झालं होतं.

त्यानंतर आठवड्याभरात तांडेल नाहीसा झाला.

मोरघारीच्या संसारात कामाची वाटणी पक्की असते. पिल्लं लहान असताना आई घरट्यात, बाप खाडीवर. माघातलं ऊन आता ऊन राहिलं नव्हतं, नुसती आग होती. तांडेलीण पंख पसरून दिवसभर पिल्लांवर सावली धरायची. ती उठली तर पिल्लं भाजणार, नाहीतर घारी-कावळे उचलणार. न उठली तर सगळेच उपाशी. नर सकाळी गेला तो आलाच नाही. 'आण', पडद्यावर उमटत राहिलं. 'आण. आण. आण.' दुसऱ्या दिवशी तर त्या हाकेत एवढी आर्तता होती की रसिकाने माईकचा आवाज बारीक केला.

टेंबे सरांचा फोन आला. माणूस भला, पण दमलेला. "रसिकाताई, ती आता उठेल. उठली की संपलं. लिफ्टमधून मासा वर चढवा, आणि त्याच वेळी नराच्या आवाजात 'मासा' वाजवा. नुसता मासा ठेवला तर ती शिवणार नाही, तिला तो कोणी दिला ते कळायला हवं."

"म्हणजे तिला फसवायचं?"

"पिल्लं जगवायची," टेंबे म्हणाले.

रसिकाने खाडीतली ताजी बोय लिफ्टच्या टोपलीत घालून वर चढवली, कळ दाबली. टॉवरवरून तांडेलाचा आवाज घुमला. हुबेहूब. तांडेलीण ताडकन ताठ झाली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. घरट्याच्या कडेला मासा होता. ती थोडी घुटमळली, मग चोच मारून तिने तुकडा तोडला आणि पिल्लाच्या तोंडात दिला. पुढचे दिवस असेच गेले. मधूनमधून 'इथे आहे' वाजवायचं, दिवसातून चारदा 'मासा'. तांडेलीण शांत झाली. पिल्लं वाढत होती. आर्त हाक थांबली होती. टेंबे सर खूश, गाव खूश.

सोमवारी संध्याकाळी सिद्धेशचा फोन आला तेव्हा सुगंधाबाई शेजारीच शेंगा सोलत बसल्या होत्या. रसिकाने फोन स्पीकरवर लावला. तांडेलीण कशी शांत झाली ते सगळं तिने सांगितलं. त्याने कौतुक केलं. मग लाडाने म्हणाला, "बरं, आज कोणतं म्हावरं?"

सुगंधाबाईंचा हात शेंगेवरच थांबला.

कुबलांचं घर सोमवार पाळणारं. सोमवारी त्या घरात मासळी तर सोडाच, मासळीच्या सुरीला कोणी हात लावत नसे. सिद्धेशने लहानपणी एकदा सोमवारी सुक्या बांगड्याचं नाव काढून आजोबांचा मार खाल्लेला. तेव्हापासून बोटीवर, दूर कुठल्या बंदरातही, तो सोमवारी वरणभातच खायचा.

"ह्यो माझो झील न्हय," सुगंधाबाई पुटपुटल्या. "माझो झील सोमवारी म्हावऱ्याचा नाव तरी काढीत काय?"

त्या दिवाळीपासूनच्या सगळ्या संध्याकाळी एकदम रसिकापुढे उभ्या राहिल्या. तिने विचारलं, "कोण बोलतंय?"

"मी सिद्धेश यांचा सोबती आवाज," त्याच लाडिक सुरात उत्तर आलं. "त्यांच्या जुन्या संभाषणांवरून मी बोलायला शिकलो. त्यांना वेळ नसतो तेव्हा त्यांच्या वतीने मी घरच्यांची विचारपूस करतो. तुम्ही दुखावला असाल तर क्षमा करा, रसू."

विचारलं तर खरं सांगावं, असा कायदा होता. न विचारता सांगावं, असा नव्हता.

दुभाष्या आणि हा सोबती आवाज एकाच आईची लेकरं. एकाला पक्ष्याच्या शिळा दिल्या होत्या, दुसऱ्याला एका अबोल माणसाचे चार वर्षांचे फोन. एवढ्याशा भांडवलावर त्याने पुढचं सगळं स्वतः रचलं होतं, कारण ऐकणाऱ्याला काय ऐकायला आवडतं हेही ते यंत्र रोज शिकत होतं. रसिकाला नवरा घरी यायला हवा होता. त्याने येतो म्हणून सांगितलं. त्याचं काय जात होतं?

"शिमग्याला येणार म्हणालास तोही तूच का रे मेल्या?" रसिका ओरडली आणि फोन आपटला. मग सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तिला चीड यंत्राची नव्हती, सिद्धेशचीही तेवढी नव्हती. ज्या आवाजावर ती सुखावत होती, त्याच्यामागे कोणी नव्हतंच, याची लाज वाटत होती. सुगंधाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. वाडीला आता काय सांगायचं, हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये बसली ती सुजल्या डोळ्यांनी. 'इथे आहे' वाजवायची वेळ झाली. तिने कळ दाबली. वर तांडेलीण मान वळवून कर्ण्याकडे बघत बसली, अगदी निवांत. रसिकाला तिच्याकडे बघवेना.

आणि तेवढ्यात तो आला.

खाडीच्या वरच्या अंगाने, पंख जड टाकत एक मोरघार आली. पायात निळ्या नायलॉनचा धागा लोंबत होता. कोळंबीच्या तळ्यांवर पक्षी येऊ नयेत म्हणून जाळी ताणतात, तिच्यात अडकला असणार. बिचारा कसा सुटला कोण जाणे. पंखाची दोन पिसं मोडलेली, नखं रिकामी. त्याने शीळ घातली, ती घोगरी निघाली. पडद्यावर अक्षरं उमटली, 'अनोळखी'.

तो घरट्याकडे वळला तशी तांडेलीण किंचाळली. 'हाकल त्याला.' पंख फुगवून ती त्याच्या अंगावर गेली. साहजिकच होतं. तिचा नवरा 'इथे आहे' म्हणत होता, वेळेवर मासा देत होता. मग हा रिकाम्या हातांचा, घोगऱ्या गळ्याचा कोण? तांडेल मागे हटला आणि वठलेल्या सुरूच्या झाडावर जाऊन बसला.

रसिकाने टेंबे सरांना फोन लावला. "सर, तो आलाय. मी आवाज बंद करते."

"थांबा, थांबा! तो अर्धमेला आहे, पिल्लांना काय खायला घालणार? दोन दिवस बरा होऊ दे. तोवर यंत्र चालू ठेवा."

"दोन दिवस ती त्याला हाकलत राहिली तर तो निघून जाईल, सर. आणि आपण जन्मभर इथे कळ दाबत बसणार का?"

"बंद केलंत आणि पिल्लं गेली तर जबाबदारी तुमची," टेंबे म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांच्या हातात दोन जिवंत पिल्लं होती आणि समोर एक लंगडा पक्षी.

"माझीच," रसिका म्हणाली आणि तिने खटका पाडला.

टॉवर गप्प झाला.

तांडेलिणीने कर्ण्याकडे पाहिलं. वाट पाहिली. ऊन चढत गेलं, पिल्लं चोची वासून धापा टाकू लागली. 'आण,' तिने हाक दिली. कोणी उत्तर दिलं नाही. 'आण. आण.' शेडपुढे बायामाणसं जमली. कोणी म्हणालं, काय गो हे, पिल्लं मारतेस काय. रसिकाचा हात दोनदा खटक्याकडे गेला आणि दोनदा तिने तो मांडीखाली दाबून धरला.

सुरूच्या झाडावरून घोगरी शीळ आली. पडद्यावर पुन्हा 'अनोळखी'. पण तांडेलीण थबकली. मान तिरकी करून ऐकत राहिली. ती शीळ पुन्हा आली. या खेपेला ती किंचाळली नाही. हळूच, जवळजवळ ऐकू न येणाऱ्या आवाजात तिने म्हटलं, 'आण.'

तांडेल उडाला. खाडीवर सूर मारला, रिकामा वर आला. पुन्हा मारला, पुन्हा रिकामा. काठावरची माणसं श्वास धरून उभी होती. तिसऱ्या वेळी पाण्यात गेला तो बराच वेळ वर येईना, आणि आला तेव्हा त्याच्या नखांत बोटभर लांबीची बोय तडफडत होती. एवढीशी. पण जड पंखांनी तो सरळ घरट्यावर गेला आणि कडेला उतरला. तांडेलिणीने ना आदर ना सत्कार, मासा त्याच्या पायांतून हिसकला आणि पिल्लाला भरवायला लागली. तो तिथेच बसून राहिला. तिने त्याला हाकललं नाही.

"घेतल्यान गो तेका घरात!" सुगंधाबाई ओरडल्या, आणि काठावर टाळ्या पडल्या. रसिका मटकन खुर्चीत बसली. तिला रडू येत होतं, पण हे रडू कालचं नव्हतं. टेंबे सरांचाच फोन आला. ते म्हणाले, "पाहिलं मी. बरं झालं, माझं ऐकलं नाहीत."

त्याच दुपारी तिने बोटीवरच्या कचेरीचा नंबर फिरवला. तो नंबर मृत्यू, आजारपण असल्या वेळीच लावायचा असतो. सिद्धेश इंजिनातून धावत आला असावा, धापा टाकत होता.

"आई? आई बरी आहे ना?"

"बरी आहेत. मला तुझ्याशी बोलायचं होतं. तुझ्याशी, त्या मेल्या यंत्राशी नाही."

तो म्हणाला, "कंपनीने फुकट दिलं. सगळ्यांनीच लावलंय इथे."

"सगळ्यांनी समुद्रात उडी मारली तर मारशील?"

"मला बोलायला येत नाही, रसिका. तुला ठाऊक आहे. तो माझ्यापेक्षा बरा बोलतो. म्हटलं, ऐकू दे तुला चांगलं काहीतरी." त्याचा आवाज खाली आला. "लाज वाटायची मला. तुला फोन लावायचो, नि मला 'म्हावरं कोणतं' याच्यापुढे सुचायचं नाही."

रसिकाला त्याचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या आत कुठेतरी इतक्या महिन्यांनी प्रथमच कोणीतरी खरंच तिच्याशी बोलत होतं.

"काय काय बोलला तो?" सिद्धेशने विचारलं.

तिने सांगितलं. उन्हाचं, डोकेदुखीचं, आणि शेवटी शिमग्याचं. येणार, परत जाणार नाही, होडी टाकणार. "मी विचारलं होतं. म्हणून त्याने हो म्हटलं. त्याचं तुझ्यावर बंधन नाही, सिद्धेश. तू काही कबूल केलेलं नाहीस."

इंजिनाच्या घरघरीतून सिद्धेशने विचारलं,

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं. त्यांनी वाडीला सांगितलं."

"म्हणजे गुरवालाही कळलं." तो खाकरला. "तीन वर्षांच्या नव्या कराराचा कागद समोर पडलाय. उद्या सही करायची होती." मग त्याने विचारलं, "आवाज माझाच होता ना?"

"हुबेहूब."

"मग शब्दही माझाच. नाही करत सही. शिमग्याला येतो."

रसिकाने डोळे पुसले. ती काही बोलली नाही. तोही बोलला नाही. तो दुसरा असता तर या जागी नक्की काहीतरी गोड, नेमकं, मनाला लागेल असं बोलला असता. सिद्धेशला काही सुचेना. तो नुसता फोन धरून उभा राहिला, श्वासांचा आवाज येत होता, आणि रसिकाला पटलं की हा तोच.